सुतळी

शोरूममधल्या पोरानं खुर्ची यांनाच दिली,
विचारलंही यांनाच,
"किती टनाचा माल असतो, काका?"
हे माझ्याकडे बघून हसले.

आमचा माल म्हणजे केळीचे वेफर्स.
सावदा रोडला पत्र्याची शेड, दोन कढया,
पाकिटात मूठभर चकत्या आणि वर फुगवलेली हवा.
खोली छतापर्यंत भरली तरी
वजनकाटा नुसतं अंग झटकतो.

पोरगा दीड टनाचं कौतुक सांगत राहिला.
मी पिशवीतून सुतळी काढली.

तीन गाठी मारून आणल्या होत्या घरून.
पहिल्या गाठीपर्यंत नथ्थू वारकेंचा ओटा ते विजेचा खांब,
तिथं आमची गल्ली श्वास रोखून उभी असते.
दुसरीपर्यंत सहा खोकी, एकापुढे एक.
तिसरी माझ्या काखेची, जमिनीपासून.
फाळका त्याहून उंच असला
तर प्रत्येक खोक्याला कुणाला तरी हाक मारायची,
आणि पहाटे पाचला हाक मारावी असा माणूस एकच,
तो स्टीअरिंगवर.

गाडी पांढरीशुभ्र, सीटवर अजून प्लास्टिक.
लांबी बसली. रुंदीत आरसे आडवे आले.
"आरसे मिटतात, काकू."
मिटतात रे, पण गल्लीतून मागं घेताना
आरसा मिटल्यावर बघायचं कुणी?

मग कागद आला. साठ महिने,
महिन्याला अकरा हजार सातशे.
यांनी चष्मा काढून पुसला.
मी मनात पाकिटं मोजली,
पाकिटामागं दीड रुपया, कधी दोन.
श्रावणात दुकानदार स्वतःहून फोन करतात,
मे महिन्यात कढईजवळ कुत्रं फिरकत नाही.
उपास वर्षभर नसतात.
हप्ता असतो.

भुसावळला जुन्या गाड्यांच्या आवारात
सिकंदर तडवीला सोबत नेलं.
त्यानं रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही.
निळ्या गाडीखाली सरपटत गेला,
बाहेर आला तेव्हा मान हलवत होता.
"वैनी, हिनं इटा वाह्यल्या.
पाटे पाहा, कंबर मोडेल म्हशीवानी."

दुसरीचं डाव्या बाजूचं दार दोनदा आपटावं लागत होतं.
रेडिओ गप्प. अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर.
मागं अर्धवट खरवडलेलं, "...जहाँ बेकरी."
सिकंदरनं सायलेन्सरपुढे तळहात धरला,
हुंगला, पँटला पुसला.
"पाव गेले हिच्यावरून. हलका माल.
हाड शाबूत आहे."

मी हौद्यात चढले. कुणाच्या हाताशिवाय.
सांदीत चुरा होता,
मुंग्यांची रांग कधीपासून कामाला लागलेली.
बेकरीवाल्यानं मोठी गाडी घेतली
की भट्टी विझवली,
विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

पहिली गाठ, दोन्हीकडे मूठभर जागा शिल्लक.
तिसरी बरोबर बसली, दोन बोटं खालीच.
दुसरीला मात्र खोकं अडलं,
सहावं अर्धं बाहेर.
हे म्हणाले, "मग नको."
मालक तीन दहावर अडून होता.
मी सुतळी गुंडाळत बसले,
गुंडाळून झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली.
चहा आला, निवला.
दोन नव्वदला त्यानं किल्ली टेबलावर ठेवली,
जरा जोरातच.

येताना तापीच्या पुलावर
वारा आत घुसला आणि केबिनभर
शिळ्या पावाचा गोड वास सुटला.
हे पहिल्यांदाच बोलले,
"मागचं नाव पुसून घेऊ."
मी म्हटलं, बघू.

गल्लीत वारके टॉर्च घेऊन ओट्यावर उभे.
"येऊ द्या, येऊ द्या, अजून... हां!"
खांब राहिला, ओटा राहिला.

आता पहाटे पाच खोकी मागं जातात
आणि सहावं माझ्या मांडीवर.
आत काय, हवाच जास्त,
पण फैजपूरच्या अलीकडच्या खड्ड्यांना
दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं.