धोटा वळायच्या आधी

फाइलवर बाळव्वा, रेशनकार्डावर बाळाबाई,
आडनाव दोन्हीकडे कामकर, वय चौपन्न,
वडगाव, बेळगाव. मागावर तीस वर्षं.
मी विचारते, "बाई, नाव नेमकं कुठलं?"
"कुठलंबी लिवा की ओ,
माणूस एकच हाय."

छातीवर तीन चिकटपट्ट्या, तीन वायरी.
पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारते : अठ्ठ्याऐंशी.
साठाखाली आणायची गोळी असते,
पण सुताच्या धुळीनं यांना दमा दिलाय
आणि दम्याला ती गोळी चालत नाही.
काचेपलीकडून डॉक्टर मुतगी मान हलवतात :
राहू दे. आहे तसंच घे.

आहे तसं म्हणजे काय, हे मला विचारा.
हाड थांबतं. श्वास रोखला की यकृतही थांबतं.
हृदय कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही,
आणि थांबलंच, तर फोटोचं काम उरत नाही.

"बाळव्वा, मागावर धागा तुटला तर काय करता?"
"बंद करतो. गाठ मारतो. सोडतो."
"इथं बंद करता येत नाही."
यंत्राच्या तोंडाशी आडव्या, हात डोक्यावर,
त्या जरा विचार करतात.
"मग धोटा काठाला टेकतो बघा,
वळायच्या आधी
उगं वाईच दम खातो.
तवा बघायचं."

बारा वर्षं शिकाऊ पोरांना हेच समजावतेय,
ठोके, टक्के, आलेखाचं उंच टोक.
एकदाही इतकं सरळ सांगता आलं नाही.

यंत्रातली बाई कन्नडात म्हणते, उसिरु हिडीरी,
मग हिंदीत तेच. तोवर अर्धा श्वास निसटतो.
मी तिला गप्प करते, माईक ओढते.
"धरा बघू श्वास. धरा.
धरा.
सोडा."
खोकला येतो, पण सोडल्यानंतर.

चित्रात उजवी धमनी दोन दिसते.
एक ती, एक तिनं नुकतीच सोडलेली जागा,
मधे पांढुरकं शेपूट
आणि तिथंच काहीतरी अरुंद, बोट ठेवावं असं.
मुतगींचं पेन उघडलेलं.
मी म्हणते, सर, दहा मिनिटं द्या.

नाडी मंद असती तर पंचाहत्तर टक्क्यांवर पाहिलं असतं.
अठ्ठ्याऐंशीला पंचेचाळीसच बरं :
हृदय आवळून झालेलं, अजून सैल न पडलेलं.
त्याच्या मागचा क्षण घ्यायचा, पुढचा क्षण घ्यायचा.
दोहोंमधे धमनी किती सरकली ते संगणक मोजतो
आणि तितकंच तिला उलटं नेतो,
विस्कटलेला काठ बोटानं सारखा करावा तसं.
अंदाजच तो. यंत्राचा असला तरी अंदाज.
कधी नसलेली कडाही तो रेखीव करून दाखवतो,
म्हणून मूळ चित्र मी पुसत नाही.
शेजारी उघडं ठेवते.

शेपूट विरतं.
दोन धमन्या एकमेकींवर येऊन बसतात.
अरुंद जागा? ती हलण्याचीच होती.
पण डावीकडे, वरच्या फाट्यात,
जिथं आमच्यापैकी कुणी पाहत नव्हतं,
चुन्याचा एक कण.
मघाच्या धुरकट चित्रात तो झाकून गेला होता.
आता मूळ चित्रातही दिसतो, एकदा कळल्यावर.
मुतगी पेन पुन्हा उघडतात,
लिहीत मात्र नाहीत लगेच.

बाहेर बाकावर बाळव्वा. "फोटू आला?"
"आला."
"मी हाललो न्हाई."
"नाही हाललात."
"आत तेच हालतंय. त्याला कोण सांगणार ओ?"

रिपोर्ट उद्या, इंग्रजीत.
पावतीच्या मागे मी मराठीत लिहून देते :
अकरानंतर या. उपाशी नको. मुलाला आणा.
शेवटच्या शब्दांवर त्या थांबतात,
मग पावती घडी घालून कमरेला खोचतात.
कुणीच काही विचारत नाही.

बाकाच्या कडेवर त्यांची बोटं वाजत राहतात,
ठक ठक, ठक ठक,
वडगावात या वेळी माग सुरू असतील.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजते, सवयीनं.
बहात्तर.