झाकण काढल्यावर

चार स्क्रूंतला एक कधीचाच हरवलेला.
त्या जागी शार्दूलनं लावलेलं रबरबँड
आता पापडासारखं तुटलं.
झाकण काढलं
आणि ग्वाल्हेरचा अख्खा वैशाख बाहेर आला:
दगडाची पिवळट धूळ, पंख्याच्या पात्यांवर
लोकरीसारखी मऊ बसलेली.
मी शिंकले. मग टॉर्च आणली.

बोनस बावीस हजार.
शार्दूल बडोद्याहून म्हणतो, ताई, कार्ड बदल.
जयेंद्रगंजातला पंजवानी म्हणतो, कार्ड.
ज्याला विचारावं तो कार्डच म्हणतो.
कार्ड म्हणजे नवरदेव,
सगळी वरात त्याच्याभोवती.
घोड्याला कुणी विचारत नाही,
बाबा रे, वय काय तुझं, गुडघे कसे आहेत.

मी पडले गुडघ्यांची माणूस.
छत्री बाजारातल्या क्लिनिकात
दिवसाला पंधरा जण येतात,
बोट ठेवून सांगतात, इथं. अगदी इथं.
आणि दुखणं बहुतेकदा इथं नसतंच,
असतं कमरेत, झिजल्या चपलेत,
नाहीतर न सांगितलेल्या एखाद्या जिन्यात.

म्हणून आधी मोजलं.
शनिवारी खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात
आकडे लावून ठेवले,
आणि त्यांच्याकडे बघण्याच्या नादात तीनदा मेले.
कार्ड साठ टक्क्यांवर जांभया देत होतं.
धापा टाकत होता प्रोसेसर, नव्वद अंशांवर,
पाठीवरची पेस्ट वाळून खपली झालेली.
आणि रॅमची एकच पट्टी,
चार खाचांतल्या एकीत, एकटी,
खटल्याच्या घरचं सगळं पाणी भरणारी.

पडदा तर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो.
नव्या कार्डानं एकशेचाळीस रांधली
तरी ताटात पडणार साठच.
शार्दूलला हे सांगितलं.
"फील येतो ना पण, ताई."
फील.
ह्याच पोरानं आठ वर्षांपूर्वी
कोचिंगला चालत जाऊन रिक्षाचे पैसे साठवले,
तुकड्यातुकड्यानं हा डबा जोडला,
आणि पहिल्यांदा चालू झाला तेव्हा
आम्ही दोघं नुसते पंख्याचा आवाज ऐकत बसलो होतो.

शेवटी एसएमपीएस बघितला.
नाव नाही, गाव नाही.
स्टिकरवर चारशे पन्नास वॉट,
खरे किती ते त्यालाच माहीत.
आमच्या जीवाजीगंजात मे महिन्यात वीज येते
ती कधी उपाशी, कधी अंगावर धावून.
आठ उन्हाळे हा ते सगळं निमूट गिळतोय.
हा गेला तर एकटा जायचा नाही.

पंजवानीनं यादी वाचली.
एक चांगला एसएमपीएस, रॅमची दुसरी पट्टी,
पेस्टची ट्यूब.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
"दीदी, इसमें दिखेगा क्या?"
काहीच नाही, म्हटलं.
त्याला फार वाईट वाटलं माझ्यासाठी.
एक स्क्रू फुकट दिला.

रात्री जुन्या टूथब्रशनं पाती घासली,
तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली,
पट्टी खाचेत दाबली. ती कट्ट वाजेपर्यंत
माझाच श्वास अडकलेला.
बारा हजार अजून पाकिटात आहेत.
कार्डाचं पुढच्या दिवाळीला बघू, किंवा नाही बघू.

शनिवार. पुलापाशी भेटायचं ठरलं होतं.
दर वेळी तो उभा असतो, उड्या मारत,
आणि मी अजून लोड होत असते.
आज पूल रिकामा होता.
खाली नदी न अडखळता वाहत होती.
मी कठड्याला टेकून उभी राहिले.
बऱ्याच वेळानं तो धुक्यातून
अर्धा अर्धा उमटत आला.

"आलीस पण? कार्ड घेतलंस ना शेवटी?
सांगत होतो की नाही?"

हो, म्हटलं.