न पाहिलेल्या खिडकीतलं जिरेनियम

कायद्यातलं मला काय कळणार?
एकेचाळीस वर्षं मी सुईणपण केलं, गोर गावापासून
नदीकाठच्या शेवटच्या मेंढवाड्यापर्यंत.
पण वकिलांच्या लवादात पाचांतली एक खुर्ची
वकील नसलेल्या माणसाला देतात,
वकिलांनी वकिलांचं पोटात घालू नये म्हणून.

समोर इनिस गॅलब्रेथ, वय एकोणसत्तर.
टायची गाठ एका अंगाला, टोपी गुडघ्यावर,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा.
पैसे खाल्ले नव्हते त्यानं. एक सेंटसुद्धा नाही.
मर्टल टॉडचं मृत्युपत्र, एवढंच प्रकरण.
म्हातारी घाटापलीकडे शेवटचे श्वास मोजत होती.
शेत पुतण्याला नाही, सांभाळणाऱ्या पोरीला द्यायचं,
हे खाटकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक.
सही तिची. खरी.
शेजारणीची सही. तीही खरी.
आणि खाली निळ्या शाईत, वळणदार:
'माझ्यासमक्ष. इ. गॅलब्रेथ.'

पुतण्या कोर्टात गेला.
इनिसनं शपथेवर सांगितलं: मी खाटेशी उभा होतो,
तिचा हात गार होता,
खिडकीत लाल जिरेनियम होतं.

मग रावीरी आला,
बर्फ सारायच्या गाडीची वही घेऊन.
पानांना डिझेलचा वास.
एकोणीस जुलै. घाट बंद.
पहाटे पाचपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.
"मेंढरूही गेलं नसतं," एवढंच म्हणाला,
आणि इनिसकडे बघितलं नाही.
त्याच्या आईचं घर इनिसनंच एकदा
फी न घेता सोडवून दिलेलं,
हे आम्हाला निकालानंतर कळलं.

सहीचं मी समजू शकत होते.
बर्फ पडतोय, बाई मरतेय, कागद सकाळी पोचवायचा आहे.
पण ते फूल?
न पाहिलेल्या खिडकीत
त्यानं ते कशाला लावलं?
वर पाणी घातलं, लाल रंग दिला,
न्यायाधीशासमोर कुंडी जरा फिरवून
चांगली बाजू पुढे केली.

नाव पटावरून काढायला पाचही हात लागतात.
चार वर गेले.
पंख्याचा आवाज. कुणीतरी पाण्याचा ग्लास सरकवला.
माझा हात मांडीवर.

एकदा, खूप वर्षांपूर्वी,
बारा वाजून सात मिनिटांनी झालेल्या पोरीला
मी नोंदवहीत बाराला पाच कमी असताना जन्म दिला.
आजोबांचा वाढदिवस साधायचा होता तिच्या बापाला,
आणि तो असा रडत होता आनंदानं.
ती आता पन्नाशीला आली असेल,
एक दिवस आधीच केक कापत असेल.
मला कुणी शपथेवर विचारलं नाही.
विचारलं असतं, तर मी वही उघडी टाकली असती
की घड्याळाचं वर्णन केलं असतं,
त्याचा लोलक, त्याची टिकटिक?

मी हात वर केला.
खांदा दुखला. बाळंतपणांनी आधीच झिजलेला.

मार्चमधल्या शेतकी जत्रेत तो दिसला,
मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून.
एक तरुण शेतकरी त्याच्या नाकाशी कागद धरून:
"इनिस, हे बांधाचं जरा बघ ना. दोन मिनिटं."
त्यानं सवयीनं चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला,
पहिली ओळ वाचली असावी.
मग घडी घालून कागद परत दिला.
"मला चालत नाही आता," म्हणाला,
मोठ्यानं, चारजणांना ऐकू जाईल असं.
"खाली पेट्री बाई आहे, तिच्याकडे जा. हुशार आहे."

मग मी दिसले त्याला.
त्यानं टोपीला हात लावला.
मी स्कोनचे पैसे मोजत होते.
दोनदा चुकले,
तिसऱ्यांदा विकणाऱ्या मुलीसमोर पर्सच उघडी धरली
आणि म्हटलं, तूच घे किती ते.