बुडाला भोक नाही

पाटबंधारे उपविभाग, जिंतूर.
दुसरा मजला, आवक-जावकचं टेबल,
टेबलाशेजारी मनीप्लांट.
मेला.

नोंदवहीत तो ‘शोभेचे रोप, नग एक’.
साहेबांच्या बढतीला कुण्या ठेकेदारानं दिलेला,
पांढऱ्या चकचकीत चिनी मातीच्या कुंडीत.
तिच्या बुडाला भोक नव्हतं.
ते कुणी पाहिलं नाही.
सोनेरी काठ पाहिला.

आतला भुसभुशीत लगदा बघून मुंजाजी हसले,
“ह्यो काय भुस्सा,” म्हणाले,
आणि सायकलला पिशवी लावून
रानातली काळी घेऊन आले.
“पऱ्हाटी निघती हिच्यात माणसाएवढी.
ही तर नुसती वेल हाय.”
आम्ही माना डोलावल्या.
काळीवर शंका घेणारा आमच्याकडं अजून जन्मला नाही.
पण काळी रानात श्वास घेते,
उन्हाळाभर हात हात भेगाळून.
वीतभर कुंडीत तिला कुठून भेग पडणार?
कोरडी झाली की वीट, ओली झाली की चिखल.

दैवशालाबाई शुक्रवारी खोबरेल लावायच्या पानांना,
नातीचे केस विंचरावेत तशा.
पानं चमकायची.
सोमवारपर्यंत सगळ्या तालुक्याची धूळ त्यांच्यावर.
खाजामियाँ उरलेला चहा ओतायचे,
साखरेनं ताकद येते म्हणून.
मुंग्यांना आली.

मे महिन्यात साहेब म्हणाले, ऊन दाखवा जरा.
दाखवलं. गच्चीवर.
मधे दोन सुट्ट्या होत्या,
हे तिसऱ्या दिवशी आठवलं.

एवढं होऊनही तो तगला होता, खरं सांगतो.
खालून नवं पान गुंडाळी सोडत होतं.
मग पानं पिवळी पडायला लागली एकेक.
आमच्या मुलखात पिवळ्या पानाचा एकच अर्थ असतो.
दुसरा कुणी शिकवलाच नाही.

मी रोज दहाला आल्या आल्या एक पेला घालायचो.
बाकीचे विसरतात, असं वाटायचं मला.

तो उपटला त्या दिवशी कळलं.
मुळं काळी, बोट लावलं की साल हातात,
आणि वास, तुंबलेल्या चारीचा.
“पाणी कोण घालत होतं?” साहेबांनी विचारलं.
बराच वेळ फक्त पंखा.
मग दैवशालाबाई: मी, दुपारी, डबा खाल्ल्यावर.
मुंजाजी: म्या, झाडलोट झाली की.
खाजामियाँ: नमाजला जाता जाता, थोडंच.
आणि लेखापाल टाकळकर,
ज्यांनी आजवर कुणाला पेनसुद्धा दिलं नाही,
खाली बघत म्हणाले,
सगळे गेल्यावर. बाटलीतलं.
कुणाचंच लक्ष नसायचं ना त्याच्याकडं.

ज्या गावात नळ आठव्या दिवशी येतो
तिथं एक मनीप्लांट बुडून मेला.

भिंतीवर कालव्याचा नकाशा आहे, निळा.
शेपटाला पाणी पोचत नाही, हे अर्ज
माझ्याच टेबलावर आवक होतात.
पाळी आम्ही हेक्टरात लावतो.
पेल्यात लावायचं सुचलं नाही कुणाला.

दैवशालाबाईंनी शेंड्याकडचं एक पेर वाचवलं,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ठेवलं.
मुंजाजी कुंडीला खिळ्यानं भोक पाडायला गेले,
कुंडी दुभंगली.
मग तेलाचा डबा आणला, पाच भोकं, खाली ताटली,
काळीत अर्धी वाळू.
हे बोलताना त्यांनी आवाज खाली घेतला,
काळीला ऐकू जाईल म्हणून असेल.

मी आता आधी मातीत बोट घालतो, दोन पेरं.
ओलं निघालं
की पेला मीच पितो.
बोअरचं पाणी, मचूळ.

टाकळकर लांबून बघतात.
त्यांच्या टेबलावर संध्याकाळी
भरलेला पेला झाकून ठेवलेला असतो.