डोंगर, चारपैकी तिसरी

गोळीबार चौकात, नंदनवारांच्या मागच्या खोलीत
एक लाकडी पेटी उभी आहे, माणसाएवढी.
आत आता तांदूळ, वर मिक्सर.
निळ्या रंगाचे तीन हात दिलेत तिला,
तरी छातीशी चाचपलं की बोट अडकतं
एका गोल खड्ड्यात.
इथं स्टिअरिंग होतं. मी धरलंय ते.

साल एक्याण्णव असावं, नाहीतर ब्याण्णव.
मे महिना, सदरचं पार्लर, कूलरला खसाचा वास,
आणि कोपऱ्यात एक नवा गेम, नावाची पाटीसुद्धा नसलेला.
ताराचंद नंदनवारनं स्वतः केलेला,
रेडिओ दुरुस्त करून उरलेल्या रात्रींत.
वडील ज्या वहीत लुगड्याच्या किनारी आखत
त्याच चौकटींत त्यानं गाड्या आखल्या.
एक घर, एक ठिपका.
म्हणूनच बहुधा
त्या रस्त्याला दोन्हीकडून करवती किनार होती.

धडकलं तरी गाडी फुटायची नाही.
संत्र्याच्या बागेत शिरायची, धूळ झटकायची,
की परत रस्त्यावर.
तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला,
"एका रुपयात पोट्टं पाऊण घंटा उठत नाही बे.
मारून टाक ना त्याले लवकर."
ताराचंदनं विचार करायला एक रात्र मागितली.
सकाळी हातगाडी मागितली.

बस. पुढे काही झालं नाही.
म्हणजे लग्न झालं, मुली झाल्या, कावीळ झाली,
तो गेला.
गेम तेवढा बाहेर आला नाही.

परवा त्याच्या थोरलीनं, वैजयंतीनं,
हळदीच्या डबीतून, कापसातून, एक चिप काढून दिली.
पिवळी पडलेली चिकटपट्टी, वर बॉलपेनानं:
डोंगर, चारपैकी तिसरी.
बाकीच्या तीन कुठे, ते कुणाला ठाऊक.

दुकानात मशीनवर लावून वाचली.
गाडी नाही. रस्ता नाही. आवाज नाही.
रामटेकचा असावा असा एक डोंगर,
तोच पाचदा, नुसता रंग बदलून.
अर्धी एसटी.
आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून कोंबलेली,
पहिल्या पाच जणांची यादी,
कुणी खेळायच्या आधीच भरून ठेवलेली.
नावाला तीनच अक्षरं मावत:
यमुना
रघुना
सटवा
भागीर
पाचवी जागा कोरी.

रघुनाथचा थ बाहेर, भागीरथीची थी बाहेर,
रस्त्याच्या कडेला कुठेतरी.

त्या भागीरला मी हरवलं होतं, चांगलं आठवतं,
पोट्ट्यांनी खांद्यावर घेतलं होतं मला.
वैजयंतीला विचारलं, कोण गं ही?
"आजोबाच्या मागावर कांड्या भरे," ती म्हणाली,
"डोयानं दिसत नव्हतं तिले."
मग पेटी उघडून, मापानं तांदूळ काढता काढता,
माझ्याकडे न बघताच:
"बाबाले तर सायकलबी येत नव्हती."