वापसी

रॅक भरून दिल्लीकडे निघाला
की सावद्याच्या ऑफिसात दुपार रिकामी पडते.
पंखा आहे. कूलर आहे, त्यात पाणी नाही.
शेठ म्हणाले, हेमांगी,
ते ईमेलमधलं पत्त्यांचं पुस्तक
एकदा निंदून टाक.

निंदायला बसले.
सातशे त्रेसष्ट नावं.
फिरके पीएचने, फिरके एफने,
झोपे झेडने, त्यांचाच मुलगा जेएचने,
आणि चौधरी तर इतक्या परींचे
की इंग्रजीच्या तोंडात ते आडनाव
कधी नीट बसलंच नसावं.
माणूस एक, कार्डं चार.
खुणा करायच्या आणि दाबायचं : एकत्र करा.
चार चौधरी मुकाट एक होतात.
गावात असं व्हायला निवडणूक लागते,
तीही पुरत नाही.

शेठनी स्वतः भरलेली नावं लगेच ओळखू येतात.
‘आझादपूर खोकला’.
‘कानपूर, उधार नाही’.
‘वजनकाट्याचा पोरगा’, जो आता पन्नाशीचा असेल.
‘बँकेतली बाई, चांगली’.
मी त्यांना खरी नावं शोधून दिली,
आडनावाच्या रकान्यात आडनाव,
गावाच्या रकान्यात गाव.
खोकला तेवढा खाली टिपेत ठेवला.
फोनवर ते त्यावरूनच कळतात.

मग सगळ्यांना एक चाचणीचं पत्र पाठवलं.
अडुसष्ट परत आली.
असा पत्ता नाही. पेटी भरली आहे.
आमच्याकडे बाजूला काढलेल्या मालालाही
वापसी म्हणतात, आणि तिलाही भाव असतो.
रोज फळ्यावर लिहितात :
नवती, कांदेबाग, पिलबाग, वापसी.
शेवटी लिहितात, पण लिहितात.
ह्या अडुसष्टांसाठी फळा नाही.
एकेक पुसलं.

न्हावीचे मुरलीधर बोंडे मात्र परत आले नाहीत.
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली,
पत्र अजून पोचतंय.
राहू दिलं. जागा कुठे अडते.

पावणेपाचला प्रोग्रामने आपणहून
एक जोडी पुढे केली :
‘दामोदर नथ्थू फेगडे, सुरत’
आणि ‘उत्तर देऊ नये’.
फोन एक. पत्ता एक.
हे दोन संपर्क सारखे वाटतात. एकत्र करायचे?

बाहेरच्या पाटीवर शेठच्या नावातही
मधे नथ्थू आहे.
वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते.
ऐकलंय ते एवढंच :
मळा वाटला, भांडी वाटली,
विहीर वाटता येईना म्हणून पाणी वाटलं,
तीन दिवस ह्याचे, तीन दिवस त्याचे,
रविवारी मोटर बंद.

शेठ आत आले, चष्मा कपाळावर.
मी नुसती स्क्रीन वळवली.
त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचलं,
पुन्हा वाचलं.
“मशिनीले कसं समजलं?”
नंबर सारखा आहे, मी म्हटलं.
“हं.”
मग बराच वेळ कूलरकडे बघत,
“याच्यात पानी कोनी टाकत नाही का?”
आणि बाहेर गेले.

‘नंतर विचारा’ असंही एक बटण असतं.
ते दाबलं.

सातला रोजचा भाव पाठवते मी, ‘सर्व’ ह्या गटाला.
निंदून उरलेली पाचशे एक्केचाळीस नावं.
त्यात एक वाढवलं.
कोणाला विचारलं नाही.

सकाळी पेटीत एकच ओळ होती.
कांदेबागचा भाव चुकला वाटते. फळा पाह्य.
नमस्कार नाही, खाली नाव नाही.
मी फळा पाहिला.
खरंच, वीस रुपयांनी चुकला होता.
दुरुस्त करून पुन्हा सगळ्यांना पाठवला.

“कोनी दाखवलं?” शेठनी विचारलं.
कार्डावर जे नाव होतं तेच मी वाचून दाखवलं.
त्यांनी पुढे काही विचारलं नाही,
गेटपासच्या पावत्या चाळत राहिले
उलट्या बाजूने.

दुपारी जेवून आले तर
कूलर चालू होता, गार,
आणि दारापासून तिथपर्यंत
फरशीवर बादलीतून सांडलेलं पाणी.