निळा आधी जातो

रात्रपाळीला मी पडदे म्हातारे करते.
पाजूच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
साठ अंशांच्या बंद खोलीत
ओळीनं उभे, दिवसरात्र पेटते.
महिन्याभरात त्यांना दहा वर्षं जगवायची,
पगार त्याचाच.

बाबा विचारतात, "ह्ये-रिम, आत दिवा कुठाय?"
दिवा नाहीच, बाबा. मागून कुणी कंदील धरत नाही.
एका केसाच्या जाडीचे पाचशे भाग करा,
त्यातल्या एकाएवढा थर,
निर्वात पेटीत वाफ होऊन काचेवर बसलेला,
भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसा,
फक्त कोरडा.
कोरडाच हवा. ओलाव्याचा कण शिरला
की काळा ठिपका पडतो, आणि ठिपका वाढतो.

एका अंगानं इलेक्ट्रॉन येतो,
दुसऱ्या अंगानं त्याची उणीव येते.
"उणीव कशी येईल चालत?"
येते. माणूस शेजारच्या खुर्चीवर सरकला
की रिकामी खुर्ची उलटीकडे सरकते.
बाबांनी घास चावत विचार केला.
"तुझ्या आईची खुर्ची नाही सरकली अजून,"
म्हणाले, आणि मुळ्याचं किमची पुढं केलं.

मध्ये कुठल्याशा रेणूत दोघांची गाठ पडते.
क्षणभर धरून असतात एकमेकांना,
सुटतात तेव्हा उजेड पडतो.
नेहमी नाही. चारांतली एक जोडी उजळते,
उरलेल्या तिन्ही नुसत्या तापतात, मुक्यानं.
म्हणून रेणूच्या पोटात इरिडियमचा जड अणू बसवतात,
तो त्यांनाही बोलतं करतो.
लाल बोलतो. हिरवा बोलतो.
निळ्याला मात्र हे औषध अजून नीट मानवत नाही.
त्याची उडी सगळ्यांत उंचावरून,
रोज पडून रोज हाडं मोडतात.
निळा आधी जातो.
मी वहीत लिहिते: पडदा क्रमांक, तास, किती टक्के उरला.

घरी सवलतीत आणलेला टीव्ही.
बाबा दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावतात,
तिची खूण कोपऱ्यात जळून बसली आहे.
बेसबॉल लावा, मालिका लावा,
खेळाडूच्या खांद्यावर, नवरीच्या कपाळावर तीच खूण.
"बदलून आणू?"
"असू दे. फार वेळ बघितलं की राहतंच."

रविवारी संध्याकाळी इम्जिन नदीकाठच्या टेकडीवर गेलो.
पलीकडे केसाँगचा मुलूख; तिथून ते सहाव्या वर्षी आले,
थोरल्या बहिणीच्या पाठीवर.
अंधार पडला. अलीकडे आमचे मनोरे लागले,
पलीकडे काही नाही.
मी सवयीनं सांगत सुटले:
जुन्या पडद्यांत मागचा दिवा चालूच असे,
पुढं झडप लावून दडपलेला;
काळा कधी पुरता काळा नसे, राखाडी झिरपे.
आमच्याकडे काळा म्हणजे बंद. ठिपक्याला वीजच नाही.

"मग तिकडचा कुठला?" बाबा म्हणाले,
"बंद केलेला, की दडपलेला?"

माझ्या यंत्राला शून्य मोजता येतं, तेवढंच.
शेवटच्या बसला वीस मिनिटं होती.
त्यांनी हातमोजा काढला,
अंधारात एका जागी बोट रोखलं,
जरा डावीकडे सरकवलं, नेमकं केलं.
"विहीर," म्हणाले.
"आणि तिच्या कडेला, फुटका पोहरा."